उन्हातली बॅटरी

अनंताने नलूला सकाळपासून एकच गोष्ट बजावली होती. पाहुणे येतील, बसतील, पोहे खातील, तेवढा वेळ तोंड उघडायचं नाही. पोरीच्या तोंडापायी आधीची दोन स्थळं मोडली होती. एकदा मुलाचा काका आपल्या शेतीवाडीच्या बढाया मारत होता, तर ही म्हणाली, मग चपला अशा फाटक्या का? दुसऱ्या वेळचं तर अनंता आठवायलाही तयार नसे. आज नलूने मुकाट मान डोलावली, आणि त्याचीच त्याला जास्त धास्ती वाटली.

मुलाचे आईबाप म्हसळ्याचे. मुलगा मुंबईत गिरणीत होता, आईला पसंत ती मला पसंत असं त्याने कळवून टाकलेलं. अनंताकडे एका शेठजीने टाकून दिलेली जुनी मोटार होती, तिच्यातून तो हरिहरेश्वरला यात्रेकरू न्यायचा. तेव्हा धर्माजी आणि भागुबाईंना आणायला तोच म्हसळ्याला गेला. भागुबाईंना ऐसपैस बसता यावं म्हणून बरोबर नेलेल्या क्लीनर रघूला त्याने येताना म्हसळ्यालाच ठेवलं.

या मोटारीत अडीअडचणीला म्हणून हातात धरायची एक लांबलचक बॅटरी असे. अनंता ती कायम पुढच्या काचेखाली, भर उन्हात ठेवी. मंदावलेले सेल उन्हात वाळत घातले की पुन्हा चार दिवस उजेड देतात, हे किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. मग आजारी सेल उन्हाने बरा होतो, तर धडधाकट सेलला रोज ऊन दिल्यावर तो मरेलच कशाला? असं अनंताचं शास्त्र. चैत्रात त्या बंद गाडीत हात टेकवत नसे. नलू रोज डोकं फोडायची, ती बॅटरी काढा तिथनं. हा म्हणायचा, तुला काय कळतं.

येताना त्याने हे सगळं शास्त्र शेजारी बसलेल्या धर्माजींना ऐकवलं. धर्माजी मितभाषी माणूस. "बरोबर हाय," एवढंच म्हणाले. मागे भागुबाईंना जोराचा खोकला आला.

गावाअलीकडच्या चढणीवर गाडीने आचके दिले आणि ती उभी राहिली. दिवस मावळला होता. एखादी वायर सुटली असणार, पण बॉनेटखाली मिट्ट काळोख. धर्माजींनी काडीपेटी काढली. पेट्रोलजवळ काडी ओढतात की काय, म्हणून अनंताने त्यांचा हातच पिरगळला. होणाऱ्या व्याह्याचा हात पिरगळणं काही बरं नव्हे, पण वेळच तशी होती. मग तो ऐटीत म्हणाला, "थांबा. आपल्याकडं बॅटरी हाय ना."

बटण दाबलं, उजेड नाही. मांडीवर आपटली, दगडावर आपटली, तरी नाही. मागचं झाकण काढायला गेला तर ते फिरेना. सेल आत फुगून, पाझरून चिकटून बसले होते.

"तुमची बॅटरी आणलीत काय?" अनंताने विचारलं.

"घरी ऱ्हायली," धर्माजी दुसरीकडे बघत म्हणाले.

शेवटी दोघांनी दोन टोकं धरली आणि ओढाओढ सुरू केली. झाकण निघालं ते एकदम. अनंताच्या धुवट सदऱ्यावर काळी राड उडाली, आणि धर्माजी झाकणासकट मागच्या करवंदीच्या जाळीत जाऊन बसले.

नेमका त्याच वेळी रस्त्याने कंदील हलत आला. पोहे गार झाले, अजून कोणी येत नाही, म्हणून नलू शोधायला निघाली होती. अनंताने गप्प बस म्हणून हातवारे केले, पण काळोखात ते दिसणार कोणाला?

"सांगत होते ना मी, बाबा?" बॅटरीचं धूड बघून नलूचा पट्टा सुटला. "रोज ऊन, रोज ऊन. सेल म्हंजे काय बोंबील हायत व्हय? आन् रघूदादा, तू त्या जाळीत काय करतोस? ह्यांना अक्कल न्हाय, तुला तरी हवी. ऊठ, कंदील धर लांबून. तिकडं म्हसळ्याला पाहुणे ताटकळले असतील, आन् तुम्ही इथं खेळत बसलाय."

जाळीतून काटे झटकत धर्माजी बाहेर आले. त्यांनी निमूटपणे कंदील घेतला आणि सांगितल्याप्रमाणे लांबून धरला. उजेडात त्यांचं पागोटं दिसलं तशी नलूने जीभ चावली. तिसरंही गेलं, अनंताच्या मनात आलं, आणि तो खरोखरच रडायच्या बेतात आला.

गाडीचं मागचं दार उघडून भागुबाई उतरल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

"आमच्या ह्यांचे सेल सकाळधरनं कौलांवर वाळत पडलेत," त्या नलूचा हात धरून म्हणाल्या. "म्हणून बॅटरी घरी. लगीन झाल्यापासून सांगते, पण मी एकटी पडते गो. तू ये आमच्याकडं. दोघी मिळून सांगू."

वायर सापडली, गाडी सुरू झाली. नलू आता मागे भागुबाईंशेजारी बसली होती. अनंताचा जीव भांड्यात पडला. थोडं पुढे गेल्यावर धर्माजी त्याच्याकडे झुकले आणि अगदी हळू म्हणाले, "काचेमुळं ऊन जास्त लागलं असंल का हो? कौलावर तेवढं लागत न्हाय."

"माझाबी तोच अंदाज हाय," अनंता कुजबुजला. "पुढल्या खेपेला वर फडका टाकून बघू."

मागच्या सीटवरून सासू-सुनेचा एकदमच आवाज आला.

"ऐकू येतंय."