मंजुळाक्काला न आवडलेलं पुस्तक

आमच्या रामनगरात एखाद्या बाईनं मंजुळाक्कासमोर सुनंदाच्या पुस्तकाची स्तुती केली, की त्या बाईचं ब्लाऊज घट्ट शिवून येतं. ही अफवा नाही. हायस्कूलच्या मुख्याध्यापिका बाई स्वातंत्र्यदिनासाठी तिच्याकडं ब्लाऊज शिवायला टाकायला गेल्या आणि माप देता देता म्हणाल्या, "काय जिद्द हो त्या सुनंदाची! मी तर ढसाढसा रडले." पंधरा ऑगस्टला सलामी द्यायला बाईंचा हात कपाळापर्यंत पोचेचना. खांद्यापाशीच अडकला. मुलांना वाटलं, बाई थांबा म्हणतायत. राष्ट्रगीत सुरूच होईना.

मंजुळाक्का माझी शेजारीण. बाजारामागच्या गल्लीत तिच्या घराची पुढची खोली हेच तिचं शिलाईचं दुकान. वय पंचावन्नच्या आसपास, गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. टाचण्या तोंडात धरून ती तासभर बोलू शकते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी खानापूरला दिली. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखी ती स्वतःबद्दल "मी जातो, मी करतो" असं बोलते, त्यामुळे बाहेरून आलेलं माणूस आधी दचकतं आणि मग ब्लाऊजचं कापड पुढं करतं.

मी इथलं वाचनालय सांभाळते, म्हणून हे पुस्तकाचं प्रकरण माझ्याच दारातून सुरू झालं.

सुनंदा मूळची आमच्यातलीच. लग्न होऊन कॅनडाला गेली. तिथं नवरा लवकर वारला. तिनं हॉटेलात भांडी घासली, बर्फात उभं राहून बसची वाट बघितली, इंग्रजी शिकली, दोन मुलं वाढवली, स्वतःची खानावळ काढली आणि मग या सगळ्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. वाचनालयाला पाच प्रती पाठवल्या. त्या पाच एकावेळी कपाटात कधी दिसल्याच नाहीत. वाचून झाल्यावर लोकांनी दोन ओळी लिहाव्यात म्हणून मी एक वही ठेवली. ‘प्रेरणादायी’ हा शब्द किती प्रकारे चुकवता येतो, ते मला त्या वहीमुळे कळलं.

मंजुळाक्का दर शनिवारी ती वही वाचायला यायची. चष्मा लावायचा, बोट थुंकीनं ओलं करायचं आणि विचारायचं, "ह्या आठवड्यात कोन कोन रडलं?"

मी दाखवायचे. ती एकेक ओळ वाचून निकाल द्यायची.

"‘बर्फात चाळीस मिनिटं बसची वाट पाहिली, हे वाचून अंगावर काटा आला.’ त्यात काय? कॅसलरॉकच्या ठेसनात येऊन बस म्हनावं गाडीची वाट बघत. चाळीस मिनिटात तर गाडी लेट हाय हेपन कळत न्हाई."

"अगं अक्का, तिकडं बर्फ असतो."

"आनी हितं चार म्हयनं पाऊस आसतो, ते? माझं कापड वाळत न्हाई, मशीनला गंज चढतो, भिंतीवर शेवाळ येतं. मी लिवलं काय पुस्तक? भांडी घासली म्हने. आमी काय चाटून ठेवतो?"

‘त्यात काय’ हा तिचा मंत्र. सुनंदाचा नवरा गेला त्या प्रकरणाला मात्र ती त्यात काय म्हणाली नाही. ते पान तिनं नुसतं उलटलं.

तिचा मुख्य राग पुस्तकाच्या पहिल्या वाक्यावर होता. सुनंदानं सुरुवातच अशी केली होती, की विमानतळावर उभी असताना मी आयुष्यात पहिल्यांदा घर सोडलं.

"पयल्यांदा?" मंजुळाक्का टाचण्या काढून म्हणायची. "मग ट्रकात कोन हुतं? हिचं भूत?"

ही ट्रकाची गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. मंजुळाक्का आणि सुनंदा एकाच गावच्या, शेजारशेजारच्या घरांतल्या. धरणाचं पाणी येणार म्हणून गाव उठलं, तेव्हा दोघी नऊ-दहा वर्षांच्या. दोन्ही घरं एकाच ट्रकात भरली. भाताच्या पोत्यांवर या दोघी बसल्या. वळणावळणाला सुनंदाला उलटी व्हायची आणि मंजुळाक्का तिचं डोकं धरायची.

"माझा नवा परकर वाया गेला सगळा. हितं आलो, तर तिच्या बाबानं तिला शाळेत घातली, माझ्या बाबानं मला मशीनवर बसवली. ती विमानात चढली, मी पायडल मारतो. बरं, असू दे. पर ट्रक तरी लिवायचा न्हवं?"

सगळ्यांना वाटायचं, हिचा जळफळाट होतोय. होतच होता. मी तिला सांगत नव्हते, पण माझाही थोडा होत होता. एवढी वर्षं मी पुस्तकांना कव्हरं घालतेय, माझ्याबद्दल कुणी वहीत दोन ओळी लिहिल्या नाहीत.

जानेवारीत सुनंदा आली. आम्ही शाळेच्या हॉलमध्ये तिचा सत्कार ठेवला. मंजुळाक्का म्हणाली, "मला चार गिऱ्हाइकं हायत, मी येनार न्हाई." आणि सगळ्यांच्या आधी येऊन शेवटच्या रांगेत बसली. मांडीवर वाचनालयाची प्रत, तिच्यात खुणेला घातलेल्या रंगीबेरंगी कापडाच्या चिंध्या.

सुनंदा छान बोलली. शुद्ध, सावकाश, मधेच हसत. मग वाचकांची पाळी आली. एकजण म्हणाला, तुमच्यामुळे मुलानं परीक्षेचा अर्ज पुन्हा भरला. मुख्याध्यापिका बाई परत रडल्या. तेवढ्यात मागून आवाज आला.

"पान एकशे बारा."

मंजुळाक्का उभी होती. आता ट्रक येणार, म्हणून आमची गल्ली सावरून बसली. पण ट्रक आला नाही.

"तू लिवलीस, या जगात मला एकही मैत्रीण नव्हती. व्हय?"

सुनंदानं माइक तोंडाशी नेला. "हो. ते तिकडचं आहे. मी नवीन होते, नवरा गेलेला, कुणाशी बोलायला..."

"तिकडचं म्हनून न्हाई लिवलीस. जग म्हनून लिवलीस." मंजुळाक्काचा आवाज एकदम बारीक झाला. "मी हितंच हुतो की गे."

हॉल हसला. मंजुळाक्का काहीही बोलली तरी हसायची आम्हाला सवय आहे. सुनंदा हसली नाही. डोळ्यांवर हाताची सावली धरून ती मागं बघत राहिली.

"मंजी?"

तोवर तिनं ओळखलंच नव्हतं.

"असू दे. मोठी लोकं तुमी," असं म्हणून मंजुळाक्कानं पुस्तक खुर्चीवर ठेवलं आणि ती निघून गेली.

मी चिडले होते. पाहुण्या बाईचा भर सभेत असा पाणउतारा! संध्याकाळी सुनंदानं मला मंजुळाक्काचं घर विचारलं, तेव्हाही मी म्हटलं, "जाऊ नका, ती तशीच आहे." सुनंदा ऐकेना. शेवटी मीच दारापर्यंत सोडलं. मंजुळाक्का मशीनवर होती. उठली नाही, वरही बघितलं नाही. पायानं स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाली, "बस. त्यावरची कापडं काढून ठेव."

मी मागं फिरले. आत काय झालं, मला माहीत नाही. सुनंदा दुसऱ्या दिवशी गोव्याला जाऊन विमानात बसली.

पुढच्या महिन्यात मी ब्लाऊज आणायला गेले. साडेचार वाजले असतील. मशीनच्या फळीवर मोबाइल उभा करून ठेवलेला, फोन चालू, पण कुणीच बोलत नव्हतं. इकडं मशीन खडखडत होतं, तिकडून नळाचा आवाज, मग कपबशीचा.

"अक्का, फोन चुकून चालू राहिलाय."

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. ती च्या पितीय. तिकडं आत्ता सकाळ."

"मग बोलत का नाही?"

"बोलायचं काय रोज? मशीनचा आवाज आयकती ती." मंजुळाक्कानं दोरा दातानं तोडला. "पोरं लांब ऱ्हातात तिची. सकाळी उठलं की घर लई गप्प आसतं म्हने."

दुसरी बाही लावायला तिनं कापड फिरवलं. तेवढा वेळ मशीन थांबलं. लगेच फोनमधून आवाज आला.

"मंजी? हायस न्हवं?"

"हाय गे, हाय," मंजुळाक्का म्हणाली, आणि कापड नीट बसायच्या आधीच तिनं पायडल मारायला सुरुवात केली.