एसीतला नेवसे

आमच्या स्टोअरसाठी प्रोग्रॅम लिहायला आलेला नेवसे रिकाम्या खुर्चीशी बोलायचा. मी स्वतः दाराच्या फटीतून पाहिलंय, म्हणून सांगतो. हातवारे करून, मधेच थांबून, "इथपर्यंत कळलं ना?" असं विचारत. खुर्ची काय बोलणार. पण तेवढ्यात याला स्वतःची चूक सापडायची आणि परत टकटक सुरू.

अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवची गोष्ट. मी दौंडहून कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात जायचो, स्टोअर क्लार्क म्हणून. कारखान्यात एसी दोनच, एक मोठ्या साहेबांना, दुसरा कॉम्प्युटरला. त्यामुळे भर उन्हाळ्यात नेवसे स्वेटर घालून बसायचा आणि आम्ही बाहेर घाम पुसायचो. आत जायचं तर चपला दाराबाहेर. भिंतींवर बाणांनी भरलेले कागद.

मधेच बाहेर येऊन वही घेऊन माझ्यामागे फिरायचा. हे का करता? नाही केलं तर काय बिघडेल? हा माझी नोकरी खायला आलाय, याची मला खात्रीच पटली. घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, तुम्ही तिथं नेमकं काय करता ते कळलं तर मलाही कळवा.

आमचे स्टोअरकीपर टेंगले मामा. कुठला नट कुठल्या रॅकला, ते डोळे मिटून सांगायचे. एकदा ते सरळ आत जाऊन त्या खुर्चीतच बसले. नेवसे गडबडला, मग त्यांनाच समजावू लागला, आधी चिठ्ठी, मग एंट्री, मग माल.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आन् पंप फुटला तर? फिटर आधी गॅस्केट पळवतो, चिठ्ठी दुसऱ्या शिफ्टला येती. तवा तुझं मशीन काय म्हणंल?"

नेवसेने भिंतीवरचा एक कागद काढून घेतला. मग म्हणाला, "मामा, उद्या याल?"

तेव्हापासून रोज दुपारी मामा मफलर गुंडाळून आत.

काम दिवाळीला संपणार होतं. संक्रांत झाली तरी बाकीच. दर सोमवारी पुण्याहून त्याच्या साहेबाचा फोन यायचा, नेवसे उभा राहून बोलणी खायचा. मला वाटलं, गडी एसीला चटावलाय. एका जेवणाच्या सुट्टीत मी त्याचं कपाट उचकलं. अख्ख्या स्टोअरचा रिपोर्ट छापलेला, गॅस्केटच्या उशिरा आलेल्या चिठ्ठ्यांसकट, कुठंही चूक नाही. तारीख दसऱ्याच्या आधीची.

कागद नाचवतच त्याला गाठलं. त्याने दार लावून घेतलं.

"प्रोग्रॅम सुरू झाला की मामांना घरी पाठवायचं, असं तुमच्या मोठ्या साहेबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलंय. मार्चअखेर मामा रिटायरच होतायत. तेवढे दिवस बोलू नका."

मग स्वेटरची बाही ओढत पुटपुटला, "इतक्या कंपन्या झाल्या, बसून ऐकून कुणीच घेतलं नव्हतं हो."

माझ्या पोटात काही राहत नाही, हे तिन्ही शिफ्टना ठाऊक होतं. मोठ्या साहेबांनाही. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून विचारलं, तुमची त्याच्यावर नजर असतेच, काम कुठवर आलंय?

"बरंच बाकी आहे, साहेब," मी म्हणालो. "चिठ्ठ्यांचंच अजून जुळत नाही."

साहेब वैतागून म्हणाले, या कॉम्प्युटरवाल्यांवर विश्वासच ठेवायला नको. मी मान डोलावली.