साक्षीदारानं वाचायचं नसतं

सिद्राम मास्तरांनी स्वतःच्या म्हशीशी लेखी करार केला होता. थट्टा नाही, मी त्या कराराचा साक्षीदार आहे. ‘लिहून देणार सिद्राम, कडबा मिळेल तसा देईन. लिहून घेणार म्हैस, दूध होईल तसं देईल.’ खाली म्हशीचा अंगठा म्हणून गेरूत बुडवलेला खूर उठवलेला, आणि शेजारी माझी वळणदार सही. बी.एस्सी., बी.एड. झालेल्या माणसाची! दुष्काळात म्हैस आटली, तरी मास्तर तिच्यावर चिडले नाहीत. म्हणाले, तिचं काय चुकलं, ‘होईल तसं’ असंच लिवलंय की.

आमचं गाव अणदूरपासून दोन कोसांवर. शाळेत मी गणित शिकवायचो, मास्तर चित्रकला. आमच्या दोन घरांत एकच भिंत. मास्तर म्हणजे हैदराबादला चित्रकला शिकून आलेला एकटा माणूस. बायको बाळंतपणात गेली असं ऐकलं होतं, पण त्यांच्यासमोर तो विषय कुणी काढत नव्हतं.

लेखीचं हे वेड त्यांना देवाकडून लागलं होतं. अणदूरचा खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गाला मुक्कामाला जातो, आणि त्यासाठी दोन्ही गावांत लेखी करार होतो. मास्तर सांगायचे, “देवच कागदाबिगर हालत न्हाय, गुरुजी. मग तोंडी कशाला? लेखी असू द्या.” दाढी करणाऱ्याशी करार, पिठाच्या गिरणीशी करार. एकदा माझ्याकडून वाटीभर साखर नेली तर अर्ध्या तासात कागद घेऊन हजर.

आणि त्यांची चित्रंही तसलीच. चौकटीवर मांजरपाट ताणायचा, त्यावर बोरूनं, शाईनं ओळीच्या ओळी लिहायच्या, आणि मग सरसात कालवलेली हळद इतकी जाड लावायची की खालचं अक्षर दिसू नये. झालं चित्र! नुसतं पिवळं. हेडमास्तरांनी विचारलं, यात वरची बाजू कुठली? तर म्हणाले, ज्याला लिवलंय त्याला कुठूनबी वाचता येतंय.

माझा स्वभाव काळजीचा. काळजीला विषय नसला तर त्याचीही मला काळजी वाटते. पण त्या वर्षी विषय शोधावा लागला नाही. सलग दुसरं दुष्काळी साल, विहिरींचे तळ उघडे, टँकर आला की भांडणं, आणि आमची सुमन सोलापूरला माहेरी बाळंतपणाला गेलेली. आधीची दोन मुलं गेली होती. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुढच्या खेपेला बाईच्या जिवालाच धोका आहे. मेहुण्याच्या पत्राची वाट बघण्यात माझे दिवस जायचे. पोस्टमन दुसऱ्या गल्लीत वळला तरी मी त्याच्या मागं मागं जायचो.

अशात एके दिवशी मास्तर दाराएवढं चित्र घेऊन आले. सगळं पिवळं, फक्त खालच्या कोपऱ्यात बोटभर जागा कोरी. म्हणाले, सही करा. मी विचारलं, खाली काय लिहिलंय? तर म्हणाले, “साक्षीदारानं वाचायचं नसतं, गुरुजी. साक्षीदारानं असायचं असतं.” मी देव मानत नव्हतो, आणि डोकं सगळं सोलापूरला होतं. केली सही.

पुढच्याच आठवड्यात दूध सोसायटीचे चेअरमन मास्तरांच्या घरी आले. सोसायटीच्या नव्या ऑफिसातली भिंत त्यांना मोकळी मोकळी वाटत होती. पिवळा रंग म्हणजे भंडारा, शुभ आहे, असं म्हणत त्यांनी ते चित्र उचलून नेलं सुद्धा. मास्तर ‘अवो, त्ये न्हाय’ म्हणेपर्यंत जीप निघून गेली.

आणि गावाला तोंड फुटलं. चेअरमन टँकर आधी आपल्या मळ्याकडं वळवतात, यावर लोक खवळलेलेच होते. कुणीतरी पुडी सोडली की सिद्राम मास्तरानं पिवळ्याखाली चेअरमनला शिव्या लिवल्यात, आणि बेणं रोज त्याच्याचखाली बसून चहा पितंय. लोक दूध घालायला आले की चित्राकडं बघून हसायला लागले.

चेअरमननी मला बोलावून घेतलं. कोपऱ्यातली माझी सही दाखवली आणि शांतपणे विचारलं, गुरुजी, काय लिवलंय? हा गृहस्थ आमच्या शाळेच्या संस्थेतही होता. म्हणजे माझी नोकरी त्याच्या खिशात. मला माहीत नाही म्हणालो. न वाचता सही करणारा गणिताचा मास्तर आजवर बघितला नव्हता, असं ते म्हणाले. खरं होतं ते!

मी तडक मास्तरांकडं गेलो, हात जोडले, रागावलो सुद्धा. तुमच्या खुळापायी माझं घर उठेल म्हणालो. मास्तर एवढंच म्हणाले, मुदत संपू द्या, सांगतो.

दुसऱ्या दिवशी चेअरमननी आम्हा दोघांना ऑफिसात उभं केलं. दारात पाच-पन्नास माणसं. ज्या गावात घागरीवरून डोकी फुटत होती, तिथं त्यांनी चित्र पुसायला अर्धी बादली पाणी मागवलं. शिपायानं फडकं फिरवलं तशी हळद ओघळली, अक्षरं वर आली. चेअरमन शिव्यांच्या तयारीनं, मोठ्यानं वाचायला लागले.

“लिहून घेणार श्री खंडेराय, मुक्काम अणदूर. लिहून देणार सिद्राम. कारणे करारपत्र लिहून देतो की, आमचे शेजारी गुरुजी यांची मंडळी सुखरूप सुटावी. बाळ-बाळंतीण दोन्ही जगावीत. मुदत बाळंतपणापर्यंत. तसे झाल्यास मी माझे कुंचले कायमचे आपल्या पायरीवर ठेवीन. मागे आमच्या घरच्या वेळी...”

पुढचं त्यांनी हळूच वाचलं.

“मागे आमच्या घरच्या वेळी तोंडी मागितले होते. ते आपल्याला ऐकू गेले नसावे. म्हणून हे लेखी.”

कुणी हसलं नाही. मास्तर भिंतीकडं तोंड करून उभे होते. आणि शिपायाला थांबायचं भान नव्हतं, त्याचं फडकं फिरतच होतं. शाई फिसकटायला लागली. ‘सुखरूप’ मधला ‘सु’ गेला, आणि मी, देव न मानणारा माणूस, त्याच्या अंगावर धावून गेलो. “पुसू नको रे! मुदत संपली नाही अजून!” ओलं चित्र छातीशी धरून मी भर उन्हातून घरी आलो. कुणी अडवलं नाही. पाच दिवस ते माझ्या उशाशी होतं. रोज उठून बघायचो, अक्षरं जागेवर आहेत ना.

सहाव्या दिवशी तार आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी रडत रडत मास्तरांच्या दारात गेलो, तर ते कुंचले फडक्यात बांधून पायात वहाणा घालत होते. मी म्हटलं, राहू द्या हो मास्तर. ते म्हणाले, “लेखी हाय, गुरुजी.” आणि अणदूरच्या वाटेला लागले.

त्याला आता पंधरा वर्षं झाली. मास्तरांनी पुन्हा रंगाला हात लावला नाही. शाळेत फळ्यावर आंबा, पेरू काढायचे, कारण खडूचं करारात नव्हतं. पण संध्याकाळी ओसरीवर बसले की त्यांची बोटं गुडघ्यावर आपोआप फिरायची. मला बघवेना. शेवटी मीच कागद घेतला. लिहून देणार मी, लिहून घेणार खंडेराय. मास्तरांचे कुंचले परत द्यावेत, बदल्यात मी काळजी करायचं सोडीन. याहून मोठं द्यायला माझ्याकडं काही नव्हतं. मास्तरांची साक्षीदार म्हणून सही घेतली. वाचायला लागले तसा मी कागदावर तळवा ठेवला.

कागद देवाच्या पायाशी ठेवून आलो. पण करार माझ्याकडूनच पाळला जाईना. मुलगी अणदूरच्या शाळेतून एस.टी.नं येते. गाडीला दहा मिनिटं उशीर झाला की माझा जीव खालीवर होतो. माझ्यापायीच त्यांचे कुंचले अडकून पडलेत, हे मला कळतं. आज घरातून हलायचं नाही, असं रोज ठरवतो, आणि रोज चपला घालून फाट्यावर जातो. तिथं मास्तर माझ्याआधीच येऊन, एस.टी.च्या वाटेकडं डोळे लावून उभे असतात.