रविवारचा चौक आणि ओपलबाईंची कोंबडी

"या रविवारीही माझी माणसं मेथडिस्टांच्या मागे रांगेत उभी राहिली, तर पुढच्या रविवारी मी दुसरा माणूस बघेन," बॅप्टिस्टांचे पास्टर गॅटिस म्हणाले आणि प्रभूची करुणा सांगायला आपल्या चर्चमध्ये गेले.

ड्यूई प्रुइट चौकात एकटा उरला. अंगावर पाइनहोल्ट पोलिसांची वर्दी, कमरेला पिस्तूल, हातांत पांढरे हातमोजे. आज त्याची सुट्टी होती. पोलिसाने सुट्टीच्या दिवशी सरकारी वर्दी चढवून कुणाचीही चाकरी करावी, मजुरी त्यानेच द्यावी आणि खात्याने कौतुकाने परवानगी द्यावी, अशी जॉर्जियातल्या या गावाची रीत होती. कुणी बँकेच्या दारात उभा असे, कुणी गुरांच्या लिलावात, तर कुणी कंत्राटदाराने खणलेल्या खड्ड्याची राखण करी. वरकमाईच, पण कायदेशीर. चोरांना परवडत नव्हतं, नाहीतर त्यांनीही एखादा ठेवला असता.

ड्यूईला ही चाकरी टिकवायलाच हवी होती. त्याच्या मुलीच्या वरच्या दातांना तारा बसल्या होत्या. खालचे दात बॅप्टिस्टांच्या भरवशावर होते. आणि बॅप्टिस्टांची त्याच्याकडून अपेक्षा एवढीच, की प्रार्थना सुटल्यावर ओपलबाईंच्या खाणावळीत त्यांनी मेथडिस्टांच्या आधी पोहोचावं. मागून येणाऱ्याला कोंबडीच्या माना आणि गार भेंडी मिळे. स्वर्गाचं नंतर बघता येतं, पण कोंबडी संपते.

बाराच्या सुमाराला ड्यूई चौकाच्या मध्यभागी आला, तर समोरून आणखी एक वर्दी आली. लमार टिस्डेल. आठवडाभर दोघं एकाच गाडीतून गस्त घालत.

"तू इथे काय करतोयस?" ड्यूईने विचारलं.

"मेथडिस्टांनी ठेवलंय मला. त्यांच्या चर्चच्या माबरीबाई म्हणाल्या, बॅप्टिस्टांनी पोलीस ठेवलाय तर आपणही ठेवू."

"लमार, बाजूला हो. मी कामावर आहे."

"मीपण कामावर आहे."

"अरे, आज आपली दोघांची सुट्टी आहे!"

"म्हणून तर कामावर आलोय ना!"

तेवढ्यात चौकाच्या दोन टोकांच्या दोन्ही चर्चची दारं उघडली. ड्यूईने मेथडिस्टांना हात दाखवून थांबवलं आणि बॅप्टिस्टांना बोलावलं. लमारने बॅप्टिस्टांना हात दाखवून थांबवलं आणि मेथडिस्टांना बोलावलं. वर सिग्नल इमानेइतबारे लाल-हिरवा होत होता, पण दोन-दोन पोलीस उभे असताना त्याला विचारतो कोण? दोन्हीकडच्या गाड्या आपापल्या पोलिसावर श्रद्धा ठेवून पुढे घुसल्या आणि मधोमध नाकाला नाक लावून अडकल्या. सर्वांत पुढे होत्या बॅप्टिस्टांच्या युडोराबाई. त्यांनी इंजिन बंद केलं, काच खाली केली आणि समोरच्या मेथडिस्ट गृहस्थाला म्हणाल्या, "मी मागे जाणार नाही हो. मला रिव्हर्स येतच नाही."

मागून भोंगे सुरू झाले. शेजाऱ्यावर प्रेम करा, हे ऐकून पाच मिनिटंही झाली नव्हती. कुणीतरी पोलिसांना फोन केला. थोड्याच वेळात दोघांच्याही खांद्यावरचे वायरलेस एकदम बोलू लागले. नियंत्रण कक्षातली ट्वायला विचारत होती, "चर्चच्या चौकात वाहतूक ठप्प आहे. पोलिसांच्या वेषातले दोन इसम भांडतायत. जवळपास कुणी आहे का?"

"ट्वायला, मी आहे तिथे," ड्यूई म्हणाला.

"ड्यूटीवर आहेस?"

"नाही."

"मग मध्येमध्ये बोलू नकोस. कुणी आहे का?"

होती. आख्ख्या गावात त्या दुपारी एकच पोलीस ड्यूटीवर होती, नदीन कर्बी. तिला भरती होऊन वर्ष भरलं नव्हतं आणि वर्ष भरल्याशिवाय जादा काम घ्यायला मनाई होती. म्हणून ती बिचारी सरकारी काम करत होती.

नदीन चालत आली. दोघांचं म्हणणं तिने शांतपणे ऐकलं.

"नदीन, तुला गाडी लावायला कुणी शिकवलं? मी!" ड्यूई म्हणाला.

"आणि आजारी पडलीस तेव्हा तुझी ड्यूटी कुणी केली?" लमार म्हणाला.

"दोघांचे आभार. आता दोघंही फुटपाथवर जा," नदीन म्हणाली. मग तिने आडव्या रस्त्याच्या तोंडाशी अडकलेल्या दोन गाड्या बाजूला घेतल्या आणि तो रस्ता मोकळा केला. तिथे तिसऱ्या, पेंटेकोस्टल चर्चची मंडळी केव्हाची खोळंबली होती. गरीब चर्च, पोलीस ठेवण्याची ऐपत नाही. हात हलवत, हसत ती मंडळी ओपलबाईंकडे निघून गेली. बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट प्रथमच एका सुरात ओरडले.

ड्यूई खाणावळीपाशी पोहोचला तेव्हा रांग रस्त्यावर आली होती. दारात वर्दी घालून रांग आवरत होते पोलीसप्रमुख ओग्लस्बी. ओपलबाईंनी त्यांना रविवारपुरतं ठेवलं होतं.

पास्टर गॅटिस हातात रिकामी ताटली घेऊन उभे होते. "प्रुइट, तू उद्यापासून मोकळा. ती नवी बाई बरी. तिलाच ठेवतो मी."

ड्यूई ओग्लस्बींकडे वळला. "साहेब, तुम्हीच सांगा यांना! तिचं वर्ष भरलेलं नाही. नियम आहे आपला."

"नियम म्हणजे नियम," ओग्लस्बी गंभीरपणे म्हणाले. "पास्टर, कर्बी मिळणार नाही."

ड्यूईला इतकं बरं वाटलं, की साहेबांना मिठी मारावी.

"शिवाय पोलिसाने पोलिसाला अडवणं शोभत नाही," ओग्लस्बी पुढे म्हणाले. "तिथे असा माणूस हवा, ज्याच्यापुढे दुसरा पोलीस हात वर करणारच नाही." त्यांनी टोपी काढली, केस सारखे केले. "मला रविवारी जमेल. इथे दारात माझ्या मेहुण्याला उभा करतो, तोही खात्यातच आहे."

पास्टरांनी जागच्या जागी हात मिळवला.

"पण साहेब, माझं काय?" ड्यूईने विचारलं.

"तुझी काळजी मलाही आहेच," ओग्लस्बी म्हणाले. "नदीनला एखादा रविवार सुट्टी द्यायला नको? पुढच्या रविवारपासून गावात ड्यूटीवर तू."