दगाभाऊ आणि काचेची तार

दगाभाऊंच्या टेबलाखाली एक घूस राहत असे, आणि तिने पास केल्याशिवाय आमच्या कारखान्यातली केबल बाहेर पडत नसे.

जळगावला नोकरीच्या पहिल्या दिवशी मी हे ऐकलं, तेव्हा नव्या माणसाची गंमत चालली आहे असं समजून हसलो. मग टेबलाखालून कुरतडल्याचा आवाज आला. वाकून पाहिलं तर जाड जाळीचा पिंजरा, आत मांजराएवढी घूस, आणि तिच्या पुढ्यात केबलचा हातभर तुकडा. दगाभाऊ तिला 'बाई' म्हणत. आठवडाभर तुकडा बाईंपुढे राही. नंतर दगाभाऊ दातांच्या खुणा मोजपट्टीने मोजत आणि वहीत लिहीत, "बाईनी पास करं." किंवा, "बाईनी नापास करं." नापास झालेल्या केबलवर ते कुणाशी चर्चा करत नसत. बाईंचा निकाल अखेरचा.

मी धुळ्याचा, देवपुरातला. इंजिनिअरिंगची पदवी नुकतीच हातात आलेली, लग्न त्याहून नुकतंच झालेलं. नव्वद सालानंतरचे दिवस होते. टेलिफोनच्या तांब्याच्या केबली बनवणारे आमचे सुगनशेठ आता काचेच्या तंतूची केबल बनवणार होते, आणि तिच्या तपासणीच्या कागदांवर पदवीधराची सही लागत होती. ती सही म्हणजे मी. तपासणी म्हणजे दगाभाऊ. ते सातवीपर्यंत शिकलेले. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी यमाला आवडू नये असं नाव ठेवलं होतं, दगा. वीस-बावीस वर्षं त्यांनी खानदेशभर केबलींसाठी चर खणले होते, तुटलेल्या जोडल्या होत्या. केबल कशी बनते हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. ती कशी मरते हे एकट्या दगाभाऊंना माहीत होतं, म्हणून शेठजींनी त्यांना आणून तपासणीच्या खोलीत बसवलं होतं.

मी इंग्रजी मानकांचं जाडजूड पुस्तक उघडून काही सांगू लागलो की ते शांतपणे ऐकत आणि शेवटी म्हणत, "जमीनले कागद वाचता येस नही, साहेब." जमिनीला कागद वाचता येत नाही. मला याचा इतका राग येई की पुस्तक मी मुद्दाम आवाज करून मिटत असे.

माणूस मोठा विलक्षण. दिसेल ती वस्तू वाकवून पाहायची त्यांना सवय. चपला घ्यायला गेले की एकेक चप्पल टाचेपासून अंगठ्यापर्यंत दुमडून पाहत, म्हणून दाणाबाजाराजवळचा एक चपलावाला ते दिसताच दुकानाबाहेर येऊन हात जोडी. एका लग्नात शेठजींच्या मेहुण्यांनी कौतुकाने आपला परदेशी गॉगल त्यांच्या हातात दिला. दगाभाऊंनी त्याची काडी हळूच वाकवली, मग थोडी जास्त वाकवली. मग दोन्ही तुकडे परत देत म्हणाले की बिजागरीत दम नव्हता, आज ना उद्या झालंच असतं.

त्यांच्या घरामागच्या अंगणात सात खुंट्या ठोकलेल्या होत्या. प्रत्येक खुंटीखाली केबलचा एकेक तुकडा पुरलेला, कुठे काळ्या मातीत, कुठे मुरमात, एक वाळवीच्या वारुळात. गल्लीतल्या बायकांना वाटलं, या विधुर माणसाने कुळातले देव मांडले आहेत. एका सकाळी सातही खुंट्यांना हळदकुंकू लागलं. दगाभाऊंनी त्या बायकांना एवढंच सांगितलं, की कुंकू लावा, पण पाणी घालू नका. पाण्याची पाळी गुरुवारची असते. तेव्हापासून गल्लीत काही घरी गुरुवारचा उपासही सुरू झाला म्हणतात.

काचेचा तंतू त्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तिथे होतो. केसासारखा बारीक तंतू त्यांनी तळहातावर घेतला, उजेडात धरला आणि कितीतरी वेळ निरखला. मला वाटलं, आता वाकवून मोडणार. पण त्यांनी तो परत जपून ठेवला. मी मोठ्या उत्साहाने त्याच्यातून प्रकाश कसा धावतो ते समजावून सांगितलं. त्यांना प्रकाशात रस नव्हता. त्यांनी विचारलं, ही काच काळ्या मातीत किती वर्षं जगली पाहिजे? पंचवीस, मी म्हणालो. दगाभाऊंनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. पुरलेली वस्तू ती दर वर्षी ओढते आणि ढकलते. त्यात काच. दगाभाऊ पंधरा दिवस केबलचे आडवे काप भिंगाखाली पाहत बसले, आणि मग मला पुस्तकाने न समजावलेली गोष्ट त्यांनी समजावली. तंतू नळीत सैल ठेवलेला असतो, नळीपेक्षा किंचित लांब. केबल ओढली गेली तरी ताण मधल्या पोलादी तारेवर येतो, काचेवर येत नाही. "माहेरले येल पोर शे ती," दगाभाऊ म्हणाले. "घरमा राहू द्या, पन कोनी ओढाना नही." नळ्यांभोवतीच्या फटींत तुपासारखी घट्ट जेली भरतात, पाणी पुढे सरकू नये म्हणून. त्यावर पोलादाची पातळ नागमोडी पट्टी, मग काळं प्लास्टिक आणि सगळ्यात वर नायलॉनचं गुळगुळीत कवच, वाळवीचं आणि घुशीचं काही चालू नये म्हणून. हे कवच बाईंनी तीन वेळा नापास केलं. चौथ्यांदा जाडी वाढवली, तेव्हा बाई आठवडाभर नुसती केबलवर डोकं ठेवून झोपली. दगाभाऊंनी त्या दिवशी कारखान्यात पेढे वाटले. बाईलाही दिला.

आमची पहिली मोठी ऑर्डर होती धुळ्याहून साक्रीमार्गे पिंपळनेरला जाणाऱ्या केबलची. मे महिना होता. ड्रम तयार झाले. पुस्तकात लिहिलेल्या सगळ्या चाचण्या मी स्वतः केल्या होत्या. तीन मीटरच्या तुकड्याच्या एका टोकाला मीटरभर उंचीचं पाणी चोवीस तास लावून ठेवलं, दुसऱ्या टोकाला थेंब आला नाही. भट्टीत टांगली, जेली गळली नाही. शेठजी दिवसातून दोनदा खोलीत डोकावत होते. माझी नोकरी पक्की होण्याचा कागदही त्यांच्याच टेबलावर होता.

दगाभाऊ म्हणाले, चार दिवस थांबा. त्यांनी पंधरवड्यापूर्वी याच केबलचा एक तुकडा, दोन्ही टोकं बंद करून, कारखान्याच्या पत्र्यावर टाकून ठेवला होता. दिवसा पत्रा असा तापे की कावळा उतरत नसे, आणि पहाटे तोच पत्रा थंड. मी वैतागून म्हणालो, भाऊ, केबल जमिनीत पुरायची आहे, पत्र्यावर वाळत घालायची नाही.

"ड्रम काय लगेच जमीनमा जास का?" ते म्हणाले. "दोन महिना उनमा पडेल ऱ्हास."

हे खरं होतं. रस्त्याकडेला उन्हात पडलेले ड्रम मीही पाहिले होते. पण पुस्तकात पत्रा नव्हता. दुपारी शेठजींनी पुन्हा विचारलं आणि मी सही करून दिली. दगाभाऊंना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात आलो तर फाटकात ट्रक उभा, त्यावर ड्रम चढवलेले, आणि ट्रकच्या पुढे स्टूल टाकून दगाभाऊ बसलेले. शेजारी त्यांनी पाण्याची नळी उभी केली होती, तिला पत्र्यावरचा तुकडा जोडला होता, आणि तुकड्याच्या दुसऱ्या टोकाखाली स्टीलची वाटी. वाटीत पाणी पडत होतं. सावकाश, पण पडत होतं. रोजच्या तापण्या-निवण्याने जेलीतलं तेल सुटलं होतं, ती आक्रसली होती आणि नळ्यांच्या कडेने वाट झाली होती. कुठे एका जागी कवच फाटलं असतं, तर पाणी आतल्या आत किती लांब गेलं असतं कोण जाणे. आणि ओली काच बारीक बारीक तडकत जाते. हे मात्र मला पुस्तकातून ठाऊक होतं.

तेवढ्यात शेठजींची गाडी आली. शेठजी उतरले, वाटीकडे पाहिलं, दगाभाऊंकडे पाहिलं आणि विचारलं की हे कुणाच्या हुकमावरून.

"साहेबनी सांगं, गाडी थांबाडा," दगाभाऊ माझ्याकडे बोट करून म्हणाले. "मी नुसता बठेल शे."

शेठजी माझ्याकडे वळले. मी नुसतं वाटीकडे बोट दाखवलं. शेठजी बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी ड्रायव्हरला ड्रम उतरवायला सांगितलं, आणि जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवला. पदवीधर माणूस ठेवल्याचं सार्थक झालं, असं काहीसं ते म्हणाले. एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

खोलीत गेल्यावर मी दगाभाऊंना म्हणालो, मी खरं सांगून येतो. ते बाईच्या पिंजऱ्यात भाकरी टाकत होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला साहेब म्हटलं नाही.

"तुले अजून तीस वरीस नोकरी करनी शे," ते म्हणाले. "माले तीनच. तो कागद फाड आते, नवा लिख."

ट्रकच्या कागदांतून तो काढून घेऊन मी फाडला. पण संध्याकाळी शेठजींच्या घरी जाऊन सगळं सांगितलंही. शेठजी ऐकून हसले आणि म्हणाले, तुझ्या सहीचा कागद कालच माझ्या टेबलावर आला होता, मला काय ठाऊक नव्हतं? दगाभाऊंनी ज्याला पदरात घेतलं त्याला मी कसा काढू? आठवड्याने नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं.

जेली बदलली. या वेळी पुस्तकात नसलेली पत्र्याची चाचणी मी स्वतः केली, शिडी लावून, डोक्याला पंचा बांधून. पावसाळ्यानंतर केबल पुरायला सुरुवात झाली, तेव्हा आम्ही दोघं धुळ्याहून पिंपळनेरपर्यंत चराच्या काठाकाठाने हिंडलो. दगाभाऊ प्रत्येक शेतकऱ्याला नांगर किती खोल जातो ते विचारत आणि चर त्याहून हातभर खोल करायला लावत. केबलखाली वाळू पसरली नसेल तर स्वतः आत उतरत. पिंपळनेरला पहिला फोन लागला तेव्हा मंडपात भाषणं चालली होती, आणि दगाभाऊ मागच्या बाजूला मंडपाची दोरी वाकवून पाहत होते.

तीन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि जळगावातच राहिले. बाई त्याआधीच म्हातारपणाने गेली होती. पुढे शेठजींनी नरडाण्याला नवा कारखाना काढला आणि मला तिथे पाठवलं. घरी टेलिफोन बसला. पहिल्याच रविवारी सकाळी नऊला तो वाजला.

"मी दगा बोलस. आवाज कसा शे?"

मी म्हणालो, स्वच्छ आहे. खरखर येते का, असं त्यांनी विचारलं. येत नाही म्हटल्यावर बरं म्हणून फोन ठेवला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग म्हणाले, बाईमाणसाचा आवाज कसा जातो तेही पाहायला हवं, सूनबाईला दे. मग ती दोन मिनिटं काय शिजवलं ते सांगे. मग आमची मुलगी बोलू लागली, तेव्हा दगाभाऊ म्हणाले की खरी परीक्षा बारीक आवाजाची. "धाकलीले दे फोन." धाकली फोनमध्ये 'आबा, आबा' एवढंच ओरडे, आणि तिकडून फोन ठेवायची घाई कधी होत नसे. आपल्या केबलवर म्हाताऱ्याचा किती जीव आहे, असं मी कौतुकाने सगळ्यांना सांगत असे.

एकदा टेलिफोनचे एक ओळखीचे इंजिनिअर कामासाठी आले होते. बोलता बोलता मी त्यांना दगाभाऊंच्या रविवारच्या तपासणीबद्दल सांगितलं. ते जरा गोंधळले. जळगाव ते नरडाणा तुमची केबल कुठे आहे, त्यांनी विचारलं. ती तर अजून जुनी तांब्याचीच आहे.

मी थक्क झालो. कुठली केबल कुठल्या गावाच्या कुठल्या बांधाखालून गेली हे दगाभाऊंना झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. या वाटेवर तपासण्यासारखं त्यांचं काहीच नव्हतं, आणि हे त्यांना पहिल्या रविवारपासून ठाऊक होतं. मी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या घरात बोलायला आहे कोण त्यांच्याशी?

पुढच्या रविवारी नऊला फोन वाजला. आवाज कसा आहे, त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच होता, अगदी शेजारी बसून बोलावं तसा.

"थोडी खरखर आहे, भाऊ," मी म्हणालो. "आठवड्यातून एकदा तपासून भागायचं नाही. बुधवारीही करत जा. आणि दिवाळीला चार दिवस इथेच या, म्हणजे या बाजूनेही नीट बघता येईल."



"करसु," दगाभाऊ म्हणाले. "आते धाकलीले दे."