जप्त मालाची विल्हेवाट

नंदाखाल गावच्या आग्नेलना चाळिशीतच हृदयविकाराचा झटका आला. त्यांचे वडील पास्कल यांची बायपास त्याआधीच झालेली. म्हणून डॉक्टरांनी आग्नेलच्या मुलीचं, चौथीतल्या एलिनाचं, रक्त तपासायला सांगितलं. कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं.

"हे घराण्यातून आलेलं असू शकतं," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या लागतील का ते पुढे बघू. तोवर तळलेलं, तुपकट बंद. आणि घरातल्या सगळ्यांनी साथ द्या."

साथ तत्काळ देण्यात आली. रविवारी चर्चमधून आल्यावर कौटुंबिक समिती स्थापन झाली. शेजारचे प्लासिड निमंत्रित सदस्य. सर्वानुमते ठरलं की, घरात येणारा प्रत्येक स्निग्ध पदार्थ बालिकेच्या दृष्टीस पडण्यापूर्वी जप्त करावा व त्याची योग्य विल्हेवाट लावावी.

"म्हणजे फेकून द्यायचं?" एलिनाची आई ग्रेसी हिने विचारलं.

"अन्न फेकणं पाप आहे," पास्कल गंभीरपणे म्हणाले.

विल्हेवाट केळीच्या बागेत, विहिरीमागे लागू लागली. आधी तेलात तळलेल्या गोड फुग्या, मग पोर्क. प्लासिड घरून ताटली घेऊन येत; सरकारी भांड्यावर ताण नको. यंत्रणा इतकी कार्यक्षम झाली की जप्तीला माल पुरेना. मग आग्नेल स्वतःच आगाशीहून केक आणू लागले आणि फाटकातच पकडले जाऊ लागले.

"कशाचा आहे?" पास्कल दरडावत.

"लोण्याचा."

"गुन्हा गंभीर आहे. सुरी आण."

इकडे एलिना उकडलेला दुधी खात होती, दोरीच्या उड्या मारत होती.

"आजोबा, बागेत रोज कसला वास येतो?"

"खत घातलंय, बाय."

काही महिन्यांनी एलिनाचं कोलेस्टेरॉल बरंच उतरलं. समितीने तिचा जाहीर सत्कार केला. सत्कारमूर्तीला काकडी देण्यात आली. मटण कटलेट उपस्थितांनी तिच्या वतीने स्वीकारले. आभारप्रदर्शन चालू असतानाच आग्नेलनी छाती धरली.

रुग्णालयात त्यांची आणखी एक रक्तवाहिनी उघडावी लागली. धोका टळल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "घरात पथ्य कोण पाळतं?"

"आम्ही सगळेच," आग्नेल क्षीण आवाजात म्हणाले. "एलिनाचं."

एलिना त्यांचा हात धरून खूप रडली. मग तिने फ्रॉकला नाक पुसलं आणि समिती बरखास्त केली. "आता मी जेवीन तेच सगळे जेवणार. आणि मम्मी, आजोबा, उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला चला."

"मला सुईची भीती वाटते," पास्कल म्हणाले. त्यांची छाती बायपासच्या वेळी उभी कापलेली होती.

"मी हात धरते," एलिना म्हणाली.

आग्नेल घरी आले त्या संध्याकाळी, समिती बरखास्त झाल्याचं न कळलेले प्लासिड ताटली घेऊन विहिरीमागे आले. तिथे अख्खं घर दुधी खात बसलं होतं. प्लासिड पोट धरधरून हसले. डोळे पुसत म्हणाले, "बिचारे! एकेका घराण्याचं नशीबच असतं."

"अंकल, तुमच्या घरात कोणाला हार्टचं होतं?" एलिनाने विचारलं.

"बाबा त्यातच गेले. भावालाही झटका आला. पण आमच्याकडे ते टेन्शनमुळे येतं."

"मग जॅक्सनचं रक्त तपासलंत?"

"आमच्या जॅक्सनचं?" प्लासिडना पुन्हा हसू फुटलं. "अगं, पोरगा लहान आहे अजून!"

जॅक्सन दहावीला आहे.