टीमचं टिंब

माणसांना कामाला लावणं ही कला आहे. कामाला लागलेल्या माणसांना पुन्हा कामाला लावणं हे मात्र शास्त्र आहे. ते दोन दिवसांच्या शिबिरात शिकवतात. दुपारच्या जेवणासह.

पाट्यांच्या दुकानाचे मालक हे शास्त्र शिकून आले, तेव्हा दुकान बिनबोभाट चाललं होतं. (ही अवस्था धोक्याची असते, हे त्यांना पहिल्याच व्याख्यानात कळलं.) दुकानात माणसं तीन: फळ्या तासणारा सुतार, अक्षरं रंगवणारे पेंटरकाका, आणि फोन, मापं व मालक सांभाळणाऱ्या मालकीणबाई.

वडिलांच्या वेळेपासून दुकानाचा एक रिवाज होता. काका पाटी पूर्ण रंगवत, पण अनुस्वाराचं टिंब देत नसत. ते मालकाचं काम. चारचा चहा झाला की मालक बारीक ब्रश घेऊन एकेका पाटीपाशी जात, मजकूर वाचत आणि हवं तिथं टिंब देत. टिंब द्यायचं तर वाचावं लागतं, आणि वाचलं की बाकीच्या चुकाही सापडतात, असं वडिलांचं म्हणणं. (वडील कुठल्याच शिबिराला गेले नव्हते.)

शिबिरात सांगितलं होतं, की जे काम दुसरा करू शकतो ते नेत्यानं करू नये. मालकांनी स्वतःच्या कामांची यादी केली. यादीत टिंब निघालं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिघांना ओळीत उभं केलं आणि ब्रश टेबलावर ठेवला.

"आजपासून टिंब टीमचं."

"म्हणजे कुणाचं?" काकांनी विचारलं.

"सगळ्यांचं."

"माझं एकट्याचं नाही ना?"

"छे! सुताराचंही तितकंच."

"मग हरकत नाही," म्हणून काका समाधानानं अक्षरांकडे वळले. सुतारही समाधानानं रंध्याकडे वळला. एकाच निर्णयानं दोन माणसं समाधानी होण्याचा दुकानातला हा पहिलाच प्रसंग.

त्याच आठवड्यात एका डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्याचं काम आलं. पाट्या सत्तावीस, शिवाय दारावरचा मोठा फलक. काम मनासारखं झालं, तर त्यांच्या आणखी दोन दवाखान्यांच्या पाट्याही मिळणार होत्या. समोरचा पाटीवाला त्यावर डोळा ठेवून बसला होता.

नव्या पद्धतीनं काम धडाक्यात सुरू झालं. रोज सकाळी उभ्यानं बैठक होई. (खुर्च्यांवर पाट्या वाळत होत्या.) कुणी काही विचारलं, की मालक शिकवल्याप्रमाणे उत्तर न देता विचारत, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, रगाचा डबा संपलाय," काका म्हणत.

"आणि त्याबद्दल काय वाटतं?"

"वाईट."

आठ दिवसांचा अहवाल असा: बैठका आठ, टाळ्या सोळा, उत्साहात वाढ साठ टक्के (मोजणारे: मालक), टिंबं शून्य. शेवटचा आकडा अहवालात नव्हता. तो काढणं कुणाचं काम, हे ठरलं नव्हतं.

पाट्या लागल्या. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला. मालकीणबाईंनी ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, दवाखान्याच्या दारावर काय लिहायचं होतं?"

"चिंता नको, आम्ही आहोत."

"डॉक्टरीणबाई वाचून दाखवताहेत. 'चिता नको, आम्ही आहोत.'"

(अर्थ पाहिला, तर आश्वासन जास्तच ठोस होतं. पण बाईंना ते पटेना.)

"दहाला पाहुणे येणार," मालकीणबाई म्हणाल्या. "तोवर ही चिता विझली नाही, तर पुढच्या पाट्या समोरचा करेल."

मालकांनी टीमकडे पाहिलं.

"मला वाटलं, सुतार देईल," काका म्हणाले.

"मला वाटलं, वहिनी देतील," सुतार म्हणाला.

"आणि मला वाटलं, तुम्हीच गुपचूप देत असाल," मालकीणबाई म्हणाल्या. "तुमची सवय काय दोन दिवसांत सुटणारी आहे?"

यावर सर्वांना काय वाटतं, हे विचारायचं मालकांच्या ओठांवर आलं होतं. घड्याळ पाहून त्यांनी ब्रश उचलला.

पुढचं सगळं शिबिराच्या विरुद्ध झालं. दवाखान्यात मालक शिडीवर, शिडी सुताराच्या हातात, डबा काकांच्या हातात, आणि मालकीणबाई खालून ओरडताहेत, "अहो, 'शातता राखा'वर द्या! 'दतविभाग' राहिला! आणि तो 'सडास' तसाच ठेवताय का?" एक्केचाळीस टिंबं, पंचावन्न मिनिटांत. वाचता वाचता 'बालरोग'मधला गळालेला 'ल'ही सापडला. काकांनी शेजारच्या अक्षरांना कोपरखळ्या मारून त्याला जागा करून दिली.

पाहुण्यांची पहिली गाडी आली, तेव्हा शिडी नुकतीच आडवी झाली होती.

"टीम छान बांधलीत हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढच्या पाट्या तुमच्याच."

"नेतृत्व," मालक नम्रपणे म्हणाले. मालकीणबाईंनी रुमालानं त्यांच्या नाकावरचं टिंब पुसलं.

ब्रश पुन्हा मालकांच्या खिशात गेला. शिबिराचं प्रमाणपत्र अजून भिंतीवर आहे. (त्यावर मालकांनी स्वतःच्या हातानं दोन टिंबं दिली आहेत.)

आता थोडं आपल्याविषयी. पाट्यांवरची सोडून या मजकुरातही एक टिंब राहिलं आहे. काहींना ते दिसलं; छापणारा बघेल, म्हणून ते पुढे गेले. बाकीच्यांना दिसलंच नाही, कारण नीट वाचणारा दुसरा कुणीतरी असेलच. दोघांचंही टीममध्ये स्वागत.

ब्रश टेबलावर आहे.